पाचव्या आठवड्यातलं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्याची. यंदा ऑक्टोबरपासून ऑक्सफर्डमधल्या एका कॉलेजात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकते आणि कॉलेजातच राहते. बाबांनी कर्ज काढून पाठवलंय. पहिले दोन आठवडे भारावल्यासारखे गेले. आता पाचवा आठवडा चालू आहे आणि खोलीबाहेर पडावंसंच वाटत नाही. इथे प्रत्येक गोष्टीची काहीतरी रीत आहे आणि ती मला सोडून सगळ्यांना माहीत आहे. फॉर्मल हॉलला गाऊन घालून जेवायचं, लॅटिन प्रार्थना उभं राहून ऐकायची. गेल्या आठवड्यात शेजारच्या मुलाने माझ्या ग्लासात नाणं टाकलं आणि 'एका दमात संपव' म्हणून सगळे ओरडायला लागले. ग्लासात सरबत होतं, मी प्यायले, पण खोलीत येऊन रडले. ट्यूटोरियलला आम्ही दोघीच असतो. सर प्रत्येक वाक्यावर 'असं का म्हणतेस?' विचारतात. दुसरी मुलगी त्यांच्याशी चक्क भांडते, मी गप्प बसते. त्यात पुढच्या वर्षी एकत्र घर घेण्याचे गट आत्ताच पडायला लागलेत आणि मला कुणी विचारलेलं नाही. इथे मास्टर्स करणाऱ्या दोन मराठी मुली म्हणतात, आमच्याबरोबर राहा. कॉलेजच्या या परंपरा मला श्रीमंतांचं नाटक वाटतात. त्यातून बाहेर पडून शांतपणे अभ्यास केला तर काय बिघडलं? दिवाळीचा फराळ मी खोलीत एकटीने खाल्ला. आईला मात्र सांगितलं, मैत्रिणींबरोबर खाल्ला.

– एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

तू लिहिलंस तेव्हा पाचवा आठवडा चालू होता, हे उत्तर वाचशील तेव्हा सातवा लागलेला असेल. ऑक्सफर्डची टर्म जेमतेम आठ आठवड्यांची. त्यात दर आठवड्याला निबंध आणि प्रत्येक निबंधामागे पुस्तकांची लांबलचक यादी. नवलाई ओसरलेली असते, झोप अपुरी असते, नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारून येतं आणि घरी जायला अजून अवकाश असतो. तिथल्या मुलांनी या अवस्थेला 'फिफ्थ वीक ब्लूज' असं नावच देऊन ठेवलंय. पुष्कळ कॉलेजांत जेसीआरचे, म्हणजे विद्यार्थी मंडळाचे, वेल्फेअर प्रतिनिधी त्या आठवड्यात मुद्दाम चहा-केकचा बेत करतात. तुझ्याच जिन्यावर आणखी कुणीतरी तेव्हा दार लावून बसलं असणार, असं मला वाटतं. तुझं दुःख लहान करायला मी हे सांगत नाही. ते तुझ्या एखाद्या कमतरतेतून आलेलं नाही, एवढं तुला कळावं.

आता मुख्य प्रश्न. काही परंपरा तू खुशाल सोड. कॉलेज मात्र सोडू नकोस.

आपल्याकडे कॉलेज म्हणजे वर्ग, आणि हॉस्टेल म्हणजे राहायची सोय. हॉस्टेलात कुणाशी न बोलताही फर्स्ट क्लास मिळवता येतो, हजारोंनी तो मिळवलाय. ऑक्सफर्डची रचना वेगळी आहे. लेक्चर, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. पण तुला निवडलं कॉलेजने, ट्यूटर ठरवले कॉलेजने, रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी लायब्ररी कॉलेजची, जेवणाचा हॉल कॉलेजचा, नर्स कॉलेजची आणि पैशाची अडचण आली तर मदतीचा निधीही बहुधा कॉलेजचाच. युनिव्हर्सिटी, बॅलियल आणि मर्टन ही कॉलेजं तेराव्या शतकातली. शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी एका आवारात राहावं, एका हॉलमध्ये जेवावं, ही त्यामागची कल्पना आजही टिकून आहे. बाबांनी कर्ज काढलं ते या सगळ्यासाठी. खोलीचं दार लावून बसलीस तर त्यातला मोठा भाग वाया जाईल.

'श्रीमंतांचं नाटक' या तुझ्या शब्दांत तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. इंग्लंडमधल्या महागड्या निवासी शाळांतून आलेल्या मुलांना लांब टेबलं, गाऊन, जेवणाआधीची प्रार्थना यांची सवय असते. त्यांचा सहज वावर पाहून आपण चुकीच्या घरात शिरलोय असं वाटतं. पण तुझ्या बाकावरची सगळीच मुलं तिथली नाहीत. तिथल्या साध्या सरकारी शाळेतून आलेली मुलगीही पहिल्या फॉर्मलला कुठला काटा आधी उचलायचा हे शेजारणीकडे बघूनच ठरवते. तुला जो आत्मविश्वास दिसतो, त्यात अशी बघून केलेली नक्कल पुष्कळ असते.

शिवाय जुनी दिसणारी प्रत्येक गोष्ट जुनी असतेच असं नाही. मर्टन कॉलेजात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, पहाटे दोनला इंग्लंडमधली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे होतात तेव्हा, गाऊन घातलेली मुलं हातात पोर्ट वाइनचे ग्लास घेऊन आवाराभोवती उलटी चालतात. पाहणाऱ्याला वाटेल मध्ययुगापासून चालत आलंय. ते सुरू केलं विद्यार्थ्यांनी, १९७१ साली. परीक्षेला आणि मॅट्रिक्युलेशनला, म्हणजे विद्यापीठात नाव दाखल होण्याच्या समारंभाला, तू जो काळा-पांढरा सबफस्क पोशाख घालतेस, तो परीक्षेला सक्तीचा असावा का यावर २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनीच मतदान केलं आणि तीन चतुर्थांशांहून जास्त जणांनी तो ठेवायला कौल दिला. मुलगा-मुलगी असा वेगवेगळा पोशाखनियम त्याआधीच, २०१२ मध्ये, काढून टाकला होता. केंब्रिजचं उदाहरण तर आपल्या जवळचं. दापोलीजवळच्या मुर्डी गावच्या परांजप्यांना १८९९ साली गणिताच्या परीक्षेतल्या ज्या क्रमवारीने सीनियर रँग्लर, म्हणजे पहिला, केलं, ती जाहीर क्रमवारी केंब्रिजने १९०९ नंतर बंद केली. रँग्लर ही पदवी आपल्याकडे त्यांच्या नावाला कायमची चिकटली, तिथली प्रथा मात्र गेली. या गोष्टी माणसंच करतात आणि माणसंच मोडतात. त्या माणसांत तूही आहेस. यंदाच्या मॅट्रिक्युलेशनमध्ये तुझं नाव विद्यापीठात दाखल झालेलं आहे.

नाण्याबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते. याला तिथे 'पेनिइंग' म्हणतात. नाण्यावर राजाचं किंवा राणीचं डोकं असतं, ते बुडू नये म्हणून ग्लास एका दमात रिकामा करायचा, असं त्याचं समर्थन. दारू न पिणाऱ्या मुलीभोवती गोळा होऊन ओरडणं हा दांडगेपणा आहे, आणि त्याला परंपरा म्हटल्याने तो सभ्य होत नाही. अनेक कॉलेजांनी फॉर्मल हॉलमध्ये हा प्रकार बंद केलाय. पुन्हा कुणी नाणं टाकलं तर ग्लास बाजूला सरकव, 'मी हे खेळत नाही' एवढंच म्हण, आणि जेवत राहा. कारण देऊ नकोस. हसूही नकोस. नवा ग्लास मागून घे. तरी पुढे रेटलं तर वेल्फेअर प्रतिनिधीला किंवा कॉलेजच्या डीनना त्या मुलाचं नाव सांग. ही चुगली ठरत नाही. याच जातीतले दोन प्रकार तुझ्या कानावर येतील. क्रू डेट म्हणजे दोन क्लबांनी हॉटेलात जाऊन बेदम पिण्याची संध्याकाळ. स्कॉन्सिंग म्हणजे कुणाचं तरी गुपित सगळ्यांसमोर काढून त्याला प्यायला लावणं. या दोन्हींना एकदाही गेली नाहीस तरी तुझं शिक्षण अपुरं राहणार नाही. परीक्षा संपल्यावर एकमेकांवर पीठ आणि फेस ओतायचा 'ट्रॅशिंग'चा प्रकारही मला आवडत नाही. अन्न वाया जातं आणि रस्ता झाडायला पहाटे दुसरंच कुणीतरी येतं. विद्यापीठही त्यासाठी दंड करतं. कार्नेशनची फुलं मात्र जरूर लाव. पहिल्या पेपरला पांढरं, मधल्यांना गुलाबी, शेवटच्याला लाल. पुष्कळदा ही फुलं कॉलेजातला मित्र किंवा सीनियर आणून देतो, आणि परीक्षेच्या सकाळी आपल्या छातीवर दुसऱ्याने लावलेलं फूल असणं फार बळ देतं.

परंपरा निवडताना मी एवढंच बघेन. तिच्यामुळे अनोळखी माणूस तुझ्या शेजारी येऊन बसतो का, की तू आत आहेस की बाहेर याची ती परीक्षा घेते? पहिल्या जातीच्या धर, दुसऱ्या सोड.

फॉर्मल हॉल पहिल्या जातीत बसतो. तिथे जात राहा. नाव नोंदवतानाच शाकाहारी असल्याचं लिही, ऐनवेळी सांगितलं तर नुसता बटाटा समोर येतो. पाण्याचा जग टेबलावर असतोच. हाय टेबलची, म्हणजे शिक्षकांच्या टेबलाची, मंडळी आत आली की उभं राहायचं, प्रार्थना संपली की बसायचं, काटे-चमचे बाहेरून आत उचलत जायचे. रीत म्हणावी ती एवढीच. बाकाच्या टोकाला बसू नकोस. टोकाला एकच शेजारी मिळतो, मधे बसलं तर दोन्ही बाजूंना आणि समोर माणसं असतात.

आणि याहून महत्त्वाचं दुपारचं जेवण. ट्रे घेऊन, साध्या कपड्यांत, रोज साधारण त्याच वेळी हॉलमध्ये जा. खोलीत सँडविच खाऊ नकोस. मैत्री जुळायला एखादी झगमगीत संध्याकाळ पुरत नाही, तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा दिसावी लागतात. दोन आठवडे हे करून बघ. तिसऱ्यात कुणीतरी 'काल दिसली नाहीस?' विचारेल.

कॉलेजचे आई-बाप ही तिथली आणखी एक प्रथा. दुसऱ्या वर्षाची दोन मुलं लुटूपुटूचं लग्न लावतात आणि नव्या मुलांना दत्तक घेतात. पत्रात तू त्यांचा उल्लेखही केला नाहीस, म्हणजे पहिल्या आठवड्यातल्या चहानंतर भेट झालेली नसावी. बहुतेक कॉलेजांत हे नातं नव्या मुलांना वाट दाखवायलाच असतं. आजच मेसेज कर: अर्धा तास भेटाल का, घराबद्दल विचारायचंय. गेल्याच वर्षी ती दोघं याच जागी होती. कोणती गल्ली बरी, कोणत्या एजंटापासून लांब राहायचं, कॉलेज दुसऱ्या वर्षी किती खोल्या देतं, हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही.

घराचा प्रश्न तुला आत्ता सगळ्यात मोठा वाटतोय, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. पहिल्याच टर्मला ही घाई उडते ती भीतीपोटी. चांगली घरं जातील, आपण उरू. तीन आठवड्यांच्या ओळखीवर पुढच्या वर्षाचे करार होतात, आणि त्यातले काही गट जानेवारीत मोडतात. तेव्हा जागा पुन्हा निघतात. तू आधी कॉलेजच्या अकोमोडेशन ऑफिसात जाऊन विचार की दुसऱ्या वर्षी किती विद्यार्थ्यांना आवारात किंवा कॉलेजच्या मालकीच्या घरांत जागा मिळते आणि परदेशी विद्यार्थ्यांना काही प्राधान्य आहे का. कॉलेजागणिक हे बदलतं. काही कॉलेजं तिन्ही वर्षं खोली देतात. मिळत असेल तर घे. टर्मपुरतंच भाडं भरावं लागत असेल तर बाबांच्या कर्जावरचा भारही हलका होईल, कारण बाहेरचं घर बहुधा पूर्ण वर्षाच्या भाड्याने घ्यावं लागतं. बाहेरच राहायची वेळ आली तर ज्यांना अजून गट मिळालेला नाही अशांना जेसीआरमार्फत शोध. असे चार-पाच जण दर वर्षी असतात आणि पुष्कळदा ती शांत, अभ्यासू मुलं असतात. काउली रोड, इफ्ली रोड या भागांत विद्यार्थ्यांची वस्ती आहे. काउली रोडला डाळ-तांदूळ, मसाले, कढीपत्ताही मिळतो. पदवीच्या विद्यार्थ्यांनी टर्ममध्ये शहराच्या मध्यावरच्या कारफॅक्स चौकापासून ६ मैलांच्या आत राहायचं, निदान ४२ रात्री, असा विद्यापीठाचा नियम आहे. तेव्हा स्वस्त म्हणून फार लांबचं घर बघू नकोस.

त्या दोघी मराठी मुलींना एक साधी गोष्ट विचार. पुढच्या ऑक्टोबरात त्या तिथे असणार आहेत का? बहुतेक मास्टर्स एका वर्षाचं असतं. त्या डीफिलला, म्हणजे तिथल्या पीएचडीला, थांबणार असतील तर निराळं, नाहीतर तू करारावर सही करशील आणि त्या जून-सप्टेंबरच्या सुमारास निघून जातील. त्यांची मैत्री मात्र घट्ट धर. रविवारी त्यांच्याकडे वरण-भात खा, मनसोक्त मराठीत बोल. परक्या भाषेत दिवसभर विचार करून मेंदू थकतो, त्याला ही विश्रांती हवीच. ऑक्सफर्डमध्ये आपल्या मुलांनी एकत्र जमायची रीतही जुनी आहे. हिंदुस्थानी विद्यार्थ्यांची मजलिस १८९६ साली स्थापन झाली. पण ती मुलं मजलिसमध्ये भाषणं करायची आणि आपापल्या कॉलेजच्या हॉलमध्ये जेवायचीही. तूही दोन्ही कर.

ट्यूटोरियलबद्दल. सर 'असं का म्हणतेस?' विचारतात तेव्हा ते तुझी चूक दाखवत नसतात. तुझं विधान त्यांना विचार करण्याजोगं वाटलेलं असतं. आपल्या शाळेत सरांचा प्रश्न म्हणजे उत्तर येतं की नाही याची तपासणी, त्यामुळे प्रश्न आला की आपण आपोआप मान खाली घालतो. इथे दोन-तीन विद्यार्थ्यांसमोर तासभर बसणाऱ्या शिक्षकाला वाद हवा असतो, त्यासाठीच तो तास ठेवलेला आहे. दुसरी मुलगी भांडत नाही, ती तिचं काम करतेय. पुढच्या वेळी निबंध देण्याआधी त्यातली तुझी तीन विधानं निवड आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिही: मी हे कशावरून म्हणते, आणि याच्या विरुद्ध कोण काय म्हणेल. तो कागद घेऊन जा. गप्प राहायची वेळ आलीच तर 'मला यावर विचार करायला थोडा वेळ द्या' असं म्हणायला संकोच करू नकोस. त्या मुलीला ट्यूटोरियलनंतर कॉफीला बोलाव. एकाच पुस्तकाच्या यादीशी दोघी झगडताय, बोलायला विषय शोधावा लागणार नाही.

तुला एका बाईची आठवण करून द्यायची आहे. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकला १८६६ साली जन्मली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि १८८९ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाली. इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिला गुणांवर मिळायला हवी होती, बाई म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या काही हितचिंतकांनी पैसे जमवले. तिथे ती साडी नेसून वावरली, कायदा शिकली आणि १८९२ मध्ये बीसीएलच्या, म्हणजे कायद्याच्या पदवीच्या, परीक्षेला बसणारी पहिली स्त्री ठरली. त्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. परीक्षा दिली, पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला १९२० मध्ये सुरुवात केली. तिची पदवी तिने १९२२ मध्ये घेतली. पुरुषांच्या पहिल्या पाच कॉलेजांनी मुलींना घ्यायला १९७४ साल उजाडलं, ओरिएलने तर १९८५. 'हे आपल्यासाठी नाही' असं वाटायला तिला तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त कारणं होती. तुझं रडू खोटं आहे असं मला यातून सुचवायचं नाही. तू बसतेस तो बाक तुझ्या आधी आलेल्या बायकांनी फार कष्टाने मिळवलेला आहे. तो कुणा मुलाने ग्लासात टाकलेल्या नाण्यापायी सोडू नकोस.

पैशाचं थोडक्यात. टर्मचं बॅटल्सचं, म्हणजे कॉलेजच्या खर्चाचं, बिल येईल, त्यात खोली, जेवण सगळं असतं. ते उघडून नीट वाच, चुकीची आकारणी दिसली तर बर्सरच्या, म्हणजे कॉलेजचे हिशेब बघणाऱ्यांच्या, ऑफिसात विचार. मोठ्या बॉलची, म्हणजे रात्रभराच्या नाचगाण्याच्या समारंभाची, तिकिटं फार महाग असतात, त्यांना न जाणारेही पुष्कळ असतात. फॉर्मल आठवड्यातून एक पुरे. अडचण आलीच तर मदतनिधीचा अर्ज वेळेवर कर, त्यात कमीपणा नाही.

फराळ अजून उरला असेल तर डबा उचल आणि जिन्यावरच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेव, वर चिठ्ठी लाव. खोली झाडायला येणाऱ्या स्काउटबाईंनाही दे, फाटकाजवळच्या पोर्टर्स लॉजमध्ये दे. ही माणसं रोज तुला बघतात, त्यांची नावं तुला माहीत असायला हवीत. पुढच्या दिवाळीला जेसीआरकडे आत्ताच विषय काढून ठेव. अनेक कॉलेजांत दिवाळीचा फॉर्मल होतो, तुमच्याकडे होत नसेल तर कुणीतरी मागायला हवा. आईला खरं सांग. तिला काळजी वाटेल, पण खोटं लपवत फोनवर बोलण्याने तुझा एकटेपणा दुप्पट होतोय.

सलग दोन आठवडे झोप लागली नाही, जेवण जाईना झालं किंवा जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर ट्यूटर, नर्स, वेल्फेअर डीन यांपैकी ज्याचं दार जवळ असेल ते त्याच दिवशी वाजव. रात्री बोलायला विद्यार्थ्यांची नाइटलाइन आहे.

आता लगेच करायचं एक काम. आठव्या आठवड्याच्या शनिवारी बहुतेक कॉलेजांत खोली रिकामी करावी लागते. नाताळच्या सुट्टीत खोलीत दुसरे पाहुणे उतरतात. घरी येणार असशील तर सामान ठेवायच्या स्टोरेजची जागा आजच मागून घे, परदेशी विद्यार्थ्यांना ती बहुधा मिळते, पण मर्यादित असते. तिकीट महाग म्हणून तिथेच राहणार असशील तर सुट्टीत राहण्याचा वेगळा अर्ज असतो आणि त्याची मुदत टर्म संपायच्या बरीच आधी संपते. लॉजमध्ये किंवा अकोमोडेशन ऑफिसात तारीख विचार. उशीर झाला असेल तरी जा आणि समोर बसून विचार. आणि जानेवारीत घराचं काय ठरलं, ते मला कळव.

तुझी,
ताई